दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही

रेव्हनसाइडमध्ये कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं. चहा असो, खुर्ची असो, पावाचा शेवटचा तुकडा असो. समोरचा मग दुसऱ्यांदा विचारतो, तेव्हा घ्यायचं. उत्तर इंग्लंडातल्या, डरहमकडच्या या खाणवस्तीत हे मुलांना शिकवावं लागत नाही. ती बघून शिकतात. एकदाच विचारणारा माणूस चिकट ठरतो आणि पहिल्या झटक्यात हो म्हणणारा हावरट.

हेडली स्टॉब्सचं सगळं आयुष्य या रिवाजापायी गेलं. निदान त्याची स्वतःची तशी समजूत होती.

१९३४ साली हेडली एकतीस वर्षांचा होता. कोळसा फोडायचा. लॅन्स गॉलंड त्याचा जोडीदार. खाणीत दर तीन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकत, आणि ज्या जोडीच्या नावाने जी जागा निघेल ती तिची. कोरडी निघो, नाहीतर गुडघाभर पाण्याची. जागा एक, माणसं दोन, पाळ्या दोन. हेडली पहाटे उतरायचा, लॅन्स दुपारी. तीन-तीन महिने दोघं एकाच भोकात राबत, पण तिथे एकत्र कधीच नसत. भेट व्हायची ती पाळी बदलताना, बोगद्यात, दोन मिनिटं. बाकीचं बोलणं खडूने चाले. निघताना हेडली लाकडी टेकूवर लिहून ठेवायचा, 'डावीकडचं छत बोलतंय. सांभाळ.' दुसऱ्या दिवशी खाली लॅन्सचं अक्षर असायचं. 'ऐकलं. माझ्या सासूपेक्षा कमीच बोलतं.'

दोघांतला हुशार कोण, हे वस्तीत विचारावं लागत नव्हतं. वाचनालयातलं हेडलीने न वाचलेलं पुस्तक शोधून सापडलं नसतं. सव्वीस सालच्या टाळेबंदीत सात महिने वस्तीचं स्वयंपाकघर त्याने चालवलं. कुणाचा हात गेला, कुणाचा नवरा गेला, तर भरपाईचा अर्ज त्याच्याकडून लिहून घेत. युनियनच्या सभेत तो बोलायला उठला की मागच्या बाकावरचे पत्ते पालथे पडत.

लॅन्सचा आवाज चांगला होता. तो चॅपलमध्ये गायचा. लोकांना आवडायचा, एवढंच.

त्या वर्षी जिल्ह्याचे जुने खासदार थकले. आता उभं राहणार नाही, असं त्यांनी कळवलं. युनियनची रेव्हनसाइड शाखा जिल्ह्यात सगळ्यांत मोठी. ती देईल ते नाव पक्कं. आणि त्या भागात मजूर पक्षाचं तिकीट मिळालं की निवडणूक म्हणजे नुसता उपचार. हेडलीने आदल्या दिवशी छोटंसं भाषण लिहिलं. एका पानाचं. बायकोला वाचून दाखवलं. हॅना कपडे पिळत होती. "शेवट लांबलाय," ती म्हणाली. त्याने शेवट कापला.

शनिवारी सकाळी सभागृह भरलं. शाखेचा सेक्रेटरी नेड ऑर्ड टेबलामागे बसला. "नावं सांगा," तो म्हणाला.

मागून चार-पाच जण एकदम म्हणाले, "हेडली स्टॉब्स."

टाळ्या झाल्या. हेडली उठला. कागद कोटाच्या वरच्या खिशात होता. तो बाहेर काढायची वेळ अजून आली नव्हती. आधी एक पायरी बाकी होती.

"मंडळी, आभारी आहे," तो म्हणाला. "पण ही माझी पायरी नव्हे. मी माझ्या जोडीदाराचं नाव सुचवतो. लॅन्स गॉलंड."

हे असंच करतात. आता लॅन्सने उठायचं, हसायचं, म्हणायचं, छे, हेडली असताना मी कसला. मग नेडने दुसऱ्यांदा विचारायचं. मग कागद.

लॅन्स उठला. टोपी हातात होती. ती त्याने दोनदा फिरवली.

"बरं," तो म्हणाला. "माझी हरकत नाही."

सभागृहात कुणीतरी खोकलं. नेडने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हेडली, तू नाही म्हणालास ना रे?"

हेडलीला वाटलं, हेच ते दुसऱ्यांदा विचारणं. पण ते तसं नव्हतं. नेडला कागदावर नीट लिहायचं होतं, म्हणून तो खात्री करून घेत होता. म्हणालो, पण तसं नव्हे, असं दोनशे माणसांसमोर सांगायचं म्हणजे हावरटाहून हावरट ठरायचं.

"म्हणालो," हेडली म्हणाला.

हात वर झाले. एकशे बारा. त्यात एक हेडलीचा. जोडीदारासाठी हात वर करायचा नाही, हे त्याला सुचलंसुद्धा नाही.

घरी हॅना दारातच होती.

"काय झालं?"

"लॅन्स."

"लॅन्सचं काय?"

"लॅन्स जाणार. मी नाही म्हणालो."

"पहिल्यांदा म्हणतातच की. मग त्याने काय केलं?"

"तो हो म्हणाला."

"पहिल्या झटक्यात?"

"पहिल्या झटक्यात."

"त्याच्या आईला मी ओळखत होते," हॅना म्हणाली. "बाई पोराला वळण लावायचं विसरली."

सोमवारी हेडली खाली उतरला. टेकूवर खडूचं अक्षर होतं. 'उजवीकडून पाणी येतंय. जुने बूट घाल.' त्याने दिवा जवळ नेला. टेकूची मागची बाजू बघितली. बाजूच्या टेकूवरही बघितलं. आणखी काही लिहिलेलं नव्हतं. चुकलं माझं, असं त्याला नको होतं. मला कळलं होतं, एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पाळी संपताना तो खडू हातात धरून बराच वेळ उभा राहिला. शेवटी लिहिलं, 'बघितलं.'

ते एक वाक्य तो पुढे एकतीस वर्षं शोधत राहिला.

पस्तीस साली लॅन्स गॉलंड खासदार झाला. स्टेशनवर बँड होता. लॅन्सच्या बायकोच्या डोक्यावर नवी हॅट होती, तिला निळं पीस होतं. हेडलीने ते पीस नीट बघून ठेवलं. गाडी हलली तेव्हा लॅन्स खिडकीतून ओरडला, "जागेवर लक्ष ठेव, भिडू." हेडलीने हात हलवला. त्याच्या नखांत कोळसा होता. लॅन्सच्याही होता, पण तो आता धुतला की जाणार होता.

लॅन्सचं पहिलं भाषण पेपरात आलं. खाणीतल्या सुरक्षेवर होतं. हेडलीने ते पहिल्यांदा वाचलं, मग स्वयंपाकघरात उभा राहून दुसऱ्यांदा वाचलं. लॅन्स सांगत होता, 'मी आणि माझा जोडीदार दगडाखाली नऊ तास अडकलो होतो, आणि अंधारात आम्ही एकमेकांना धीर देत होतो.'

नऊ तास अडकला होता तो हेडली. एकटा. लॅन्स तेव्हा घरी झोपला होता.

"पाळ्या वेगळ्या असतात," हेडली म्हणाला. "जोडीदार दोघं एका वेळी खाली नसतातच. कुणीही सांगेल."

"लंडनमध्ये कोण सांगणार?" हॅना म्हणाली.

वस्तीलाही हे कळलं होतंच. कुणी मनावर घेतलं नाही. "असू दे रे," नेड म्हणाला. "एकटा माणूस दगडाखाली पडला तर त्या लोकांना वाटतं, त्याचीच चूक असेल. दोघं म्हटले की जरा पोचतं." हेडलीला हे पटलं. पटलं म्हणून जास्त लागलं. कारण तो स्वतः गेला असता तर त्याने खरं सांगितलं असतं, आणि ते कदाचित पोचलं नसतं.

त्याने ते भाषण कापलं. समासात पेन्सिलीने लिहिलं, 'खोटं. पाळ्या वेगळ्या.' बिस्किटांचा एक रिकामा डबा होता, त्यात ठेवलं.

पुढे सवय लागली. लॅन्सचं नाव जिथे येई ते हेडली कापायचा. भाषणं, प्रश्न, कुठल्या पुलाचं उद्घाटन, कुठल्या शाळेचा बक्षीस समारंभ. प्रत्येकाच्या समासात पेन्सिल. 'आकडा चुकला.' 'हे आधी बोलायला हवं होतं.' 'इथे थांबायला हवं होतं.' रेव्हनसाइडमध्ये लॅन्स गॉलंडची कारकीर्द कुणाला तोंडपाठ असेल तर ती हेडलीला. लोक पैज लावताना त्याच्याकडे येत. लॅन्स कुठल्या साली कुठल्या समितीवर गेला? हेडली लगेच सांगायचा. लोकांना वाटे, बघा, याला म्हणतात मैत्री.

लॅन्स दर पंधरा दिवसांनी यायचा. शुक्रवारची गाडी. शनिवारी खाणकामगारांच्या संस्थेच्या खोलीत बसून लोकांच्या तक्रारी ऐकायचा आणि मग न चुकता स्टॉब्सच्या स्वयंपाकघरात यायचा.

"चहा घेशील?" हॅना विचारायची.

"नको, हॅना. आत्ताच झाला."

"अर्धा तरी."

"बरं, दे मग."

दर वेळी हेच. हेडली चुलीकडे बघत बसायचा. चहाला येतं तुला नाही म्हणता, तो मनात म्हणायचा.

लॅन्स लंडनच्या गोष्टी सांगायचा. तिथलं जेवण वाईट. बाकं कडक. म्हाताऱ्या खासदारांना झोप लागते आणि टोप्या नाकावर येतात. हेडली ऐकायचा आणि हसायच्या जागी हसायचा. लॅन्सचे हात टेबलावर असायचे. कोळशाच्या जुन्या निळ्या खुणा तशाच होत्या, त्या मरेपर्यंत जात नाहीत. पण त्यांच्याभोवतीची कातडी मऊ झाली होती. हेडली आपले हात टेबलाखाली घ्यायचा.

लॅन्स गेला की हॅना कप विसळायची. एकदा तिने पाठमोरीच विचारलं, "तू गेला असतास तर मी काय केलं असतं तिथे?"

"म्हणजे?"

"मला लंडनला जायचं होतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही. एकदासुद्धा."

त्याने पेपर उचलला.

युद्ध आलं, गेलं. पंचेचाळीस साली मजूर पक्षाचं सरकार आलं आणि लॅन्स एका खात्यात दुय्यम मंत्री झाला. पेपरात फोटो आला. मागच्या रांगेत, डावीकडून सहावा, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या खांद्याआड. हेडलीने फोटो कापला. समासात काय लिहायचं सुचेना. शेवटी लिहिलं, 'टाय वाकडा.'

मग सत्तेचाळीसचा एक जानेवारी. खाणी त्या दिवशी देशाच्या मालकीच्या झाल्या. सगळीकडे पाट्या लागल्या. रेव्हनसाइडला पाटीवर निशाण टाकलं होतं आणि लॅन्स मंत्री म्हणून ते ओढायला आला होता. बर्फ पडला होता. सगळी वस्ती खाणीच्या तोंडाशी उभी. म्हातारे रडत होते. हेडलीच्या वडिलांनी हा दिवस बघायचा म्हणून किती मोर्चे काढले होते, ते दहा वर्षांपूर्वीच गेले.

लॅन्सने दोरी हातात घेतली आणि गर्दीवरून नजर फिरवली. हेडली त्याला सापडला.

"हेडली," तो मोठ्याने म्हणाला. "इकडे ये. तू ओढ."

लोक वळले. वाट झाली.

"छे," तो म्हणाला. "तूच ओढ."

आणि त्याने एक पाय पुढे टाकला. दुसऱ्यांदा विचारल्यावर चालायला लागायचं म्हणून.

लॅन्सने मान हलवली, हसला, आणि दोरी ओढली. निशाण खाली आलं. बँड वाजला. हेडलीने पुढे टाकलेला पाय मागे घेतला. बर्फात बुटाचा एक ठसा राहिला.

"लंडनमध्ये एकदाच विचारतात वाटतं," घरी जाताना तो म्हणाला.

"तू पण ना," हॅना म्हणाली. "एकदा पोळल्यावर तरी."

पन्नाशी जवळ आली तशी हेडलीची छाती भरली. धूळ. डॉक्टरांनी खाली उतरायला मनाई केली. त्याला वर, दिव्यांच्या खोलीत काम मिळालं. पाळीला जाणाऱ्यांना दिवा द्यायचा, येणाऱ्यांचा घ्यायचा. जिन्याच्या चार पायऱ्या चढला की तो कठड्याला धरून उभा राहायचा. लॅन्स मात्र पार्लमेंटचे जिने चढतच होता. हेडलीला त्याच्या फुप्फुसांचा हेवा वाटायचा.

बावन्न साली लॅन्सची बायको गेली. अंत्ययात्रेला तीन परगण्यांतून माणसं आली. एका माजी मंत्र्याने फुलांचं चक्र पाठवलं. चॅपलमध्ये लॅन्स पहिल्या बाकावर बसला होता, खांदे पडलेले. त्याच्या मागे बसून हेडलीने फुलं मोजली. माझं काही झालं तर इतकी माणसं येतील का, असं त्याच्या मनात आलं. आल्याबरोबर त्याला आपली शिसारी आली. पण विचार येऊन गेला होता. बाहेर पडताना त्याने लॅन्सचा हात धरला आणि त्याच्याने सोडवेना. लोकांना वाटलं, मैत्री.

सरकार पडल्यानंतर लॅन्स मागच्या बाकावर गेला आणि तिथेच राहिला. नवी माणसं आली, शिकलेली. लॅन्सला फारसं कुणी विचारेना. पेपरात महिनोन् महिने नाव नसायचं. डब्यात भर पडेना. हेडलीला याचं बरं वाटायला हवं होतं. उलट तो चिडायचा.

"वर्षात दोन प्रश्न विचारले त्याने," तो म्हणायचा. "दोन. एक बसगाड्यांवर."

"तुला काय पाहिजे नक्की?" हॅना विचारायची. "तो मोठा झाला तरी तुला झोप नाही. लहान झाला तरी नाही."

"घेतली ना खुर्ची? मग उठून बोलावं तरी."

पासष्ट सालच्या शरद ऋतूत लॅन्सने कळवलं, आता बास. नवं नाव निवडायला शाखेची सभा ठरली. शनिवारी सकाळी, त्याच सभागृहात. नेड ऑर्ड अजून सेक्रेटरी होता. आता त्याला दोन चष्मे लागत. नाव कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. कीथ डॉड्स. त्याचा बाप रेव्हनसाइडच्या खाणीतच गेला. मुलगा शिकला, कॉलेजात शिकवू लागला. छत्तीस वर्षांचा, चांगला पोरगा. मोटारीतून फायली घेऊन आला होता.

हेडली तिसऱ्या बाकावर बसला. बासष्ट वर्षांचा. खिशात रुमाल होता, कागद नव्हता. व्यासपीठावर नेड आणि शेजारी लॅन्स.

"नावं सांगा," नेड म्हणाला.

लॅन्स उठला. "डॉड्सचं नाव येईलच," तो म्हणाला. "ते यायच्या आधी मला एक नाव घ्यायचं आहे. हेडली स्टॉब्स."

सभागृहात हलकं हसू पसरलं. वाईट नव्हतं ते. म्हाताऱ्याचा मान केला, असं ते हसू होतं. पुढे काय होणार हे लहान पोरालाही कळलं असतं. हेडली उठणार, आभार मानणार, नाही म्हणणार, डॉड्सचं नाव घेणार. टाळ्या होतील. सगळे जेवायला घरी जातील. डॉड्सने तर टाळ्यांसाठी हात उचलूनही ठेवले होते.

हेडली बाकाला धरून उठला. श्वास जमवायला थांबला. तेवढ्यात त्याला समोरची माणसं दिसली. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वर झालेली. चौतीस साली तो याच माणसांसमोर उभा होता, पण तेव्हा त्याचं लक्ष खिशातल्या कागदाकडे होतं. माणसं त्याने बघितलीच नव्हती. दीडशे माणसं, आणि आता काय म्हणतोस म्हणून बघताहेत. 'नाही' त्याच्या जिभेवर तयार होतं. तो शब्द त्याने आयुष्यभर वापरला होता.

"बरं," तो म्हणाला. "माझी हरकत नाही."

त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

कुणीतरी खोकलं. डॉड्सने उचललेले हात मांडीवर ठेवले. नेडने एक चष्मा काढला, दुसरा लावला.

"हेडली, म्हणजे तू..."

"हो म्हणालो," हेडली म्हणाला. "पहिल्या झटक्यात. लिहून घे."

मग डॉड्सचंही नाव आलं. मतदान झालं. डॉड्सला एकशे चौतीस हात. नेडने ते एकदाच मोजले. हेडलीचे त्याने दोनदा मोजले, बोट नाचवत, सावकाश, जणू घाई केली तर एखादा सुटेल. अकरा.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. हेडलीच्या मागे लॅन्सही आला. हॅना चुलीपाशी उभी होती.

"या, खासदार," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिने सांगितलं नाही. "लॅन्स, चहा?"

"नको, हॅना. आत्ताच..."

"मी आज दुसऱ्यांदा विचारणार नाही."

"मग दे," लॅन्स म्हणाला.

तिने चहा ठेवला. मग फळीवर चढवलेला बिस्किटांचा डबा काढून लॅन्सच्या पुढ्यात आणून आपटला. "हॅना," हेडली म्हणाला. तिने लक्ष दिलं नाही. "एवढं झालंच आहे तर हेही होऊ दे," ती म्हणाली. "फळी वाकलीय त्याने."

लॅन्सने चष्मा लावला. एक कागद काढला, मग दुसरा. 'आकडा चुकला.' 'टाय वाकडा.' 'बसगाड्यांवर बोलायला तुला पाठवला होता का?' तो एकेक वाचत गेला. सगळ्यांत खाली पिवळा पडलेला पहिला कागद होता. 'खोटं. पाळ्या वेगळ्या.' लॅन्स हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला. हेडलीला बरं वाटलं. निदान खोकला तरी आहे त्याला.

"तिथे माझं भाषण चालू असताना माझ्याच पक्षाचे लोक चहाला जायचे," लॅन्स म्हणाला. "आणि इथे बसून तू..."

त्याने वाक्य सोडून दिलं. कागद नीट एकावर एक ठेवले.

"तू नाही म्हणालास ना त्या दिवशी," तो थोड्या वेळाने म्हणाला, "तेव्हा मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू मनापासून म्हणत नाहीस ते. कागदाचं टोक खिशातून दिसत होतं."

चूल धडधडत होती. हॅनाने कपडा हातातच धरून ठेवला. एकतीस वर्षं हेडलीने हेच वाक्य टेकूवर, पत्रांत, चहाच्या कपात शोधलं होतं. ते आता टेबलावर येऊन पडलं होतं.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय. उठलो. नाही म्हणायलाच उठलो होतो, भिडू. पण सगळे माझ्याकडे बघत होते. गात नसताना माझ्याकडे कुणी तोपर्यंत बघितलंच नव्हतं."

काल हे ऐकलं असतं तर हेडलीकडे उत्तर होतं. एकतीस वर्षं घासून धारदार केलेलं. आज ते निघेना. आज सकाळी अकरा वाजता त्यानेही तेच केलं होतं, त्याच शब्दांत.

आता हलकं वाटेल, असं त्याला वाटलं. तो वाट बघत बसला. छातीत होतं ते होतं तिथेच होतं.

"तुला एकशे बारा," तो म्हणाला. "मला अकरा."

"अकरांत मी होतो."

हेडलीने मान वर केली. "तू व्यासपीठावर होतास."

"म्हणून काय झालं?"

"व्यासपीठावरच्यांना मत नसतं. नियम आहे शाखेचा. मीच लिहिलाय, अठ्ठावीस साली."

"नेडने मोजला की माझा हात."

"मग नेड चुकला. म्हणजे दहाच."

"मला मत असतं," हॅना म्हणाली, "तर मी डॉड्सला दिलं असतं. मोटार आहे पोराकडे."

लॅन्सने कप संपवला. दाराशी जाताना तो थांबला. "उद्या येऊ?" त्याने विचारलं. आता शुक्रवारच्या गाडीचं बंधन नव्हतं. निवडणूक होईपर्यंत तो नावापुरता खासदार होता, पण राहायला कायमचा घरी आला होता.

"नको," हेडली म्हणाला.

लॅन्स दारातच उभा राहिला. टोपी हातात होती. ती त्याने दोनदा फिरवली.

"येऊ का उद्या?" तो म्हणाला.

"ये," हेडली म्हणाला. "सकाळी ये. दुपारी मला दम लागतो."

पुढच्या आठवड्यात जिल्ह्याच्या पेपरात चार ओळी आल्या. रेव्हनसाइड शाखेने श्री. कीथ डॉड्स यांचं नाव निवडलं. मावळते खासदार श्री. लॅन्सलॉट गॉलंड उपस्थित होते. आणखी एक नाव पुढे आलं होतं.

हेडलीने चार ओळी कापल्या. पेन्सिलीला टोक केलं. 'आणखी एक नाव'च्या शेजारी समासात आपलं नाव लिहिलं, सावकाश, पाटीवर लिहावं तसं. त्यापुढे मतं लिहायची होती. पेन्सिल कागदावर टेकली आणि थांबली.

खरा आकडा त्याला माहीत होता. लॅन्सच्या एकतीस वर्षांत त्याने एक आकडा चुकीचा सोडला नव्हता.

त्याने 'अकरा' लिहिलं. कागद डब्यात सगळ्यांच्या वर ठेवला आणि झाकण दाबून बसवलं.